जादूघरातली शपथ

यवतमाळात साहेबांच्या बंगल्यांपलीकडे एक इमारत होती. तिला खिडक्या होत्या, पण इतक्या उंचावर की उंटावर बसलेल्यालाही आतलं दिसू नये. लोक तिला जादूघर म्हणत. आत कवटीतून दारू पितात, काळा बकरा कापतात, सैतानाला बोलावतात, असं जो तो छातीठोक सांगे. सांगणाऱ्यांतला एकही कधी आत गेलेला नव्हता.

आत काय व्हायचं ते ऐका. मोठमोठी माणसं कमरेला पांढऱ्या कातड्याचा एप्रन बांधत, एकमेकांना भाऊ म्हणत, शपथा घेत आणि मग बाजूच्या हॉलात पोटभर जेवत. फ्रीमेसन लोकांचं लॉज होतं ते. सैतानाला तिथं यायला फुरसत नव्हती. तो त्या साली कापसाच्या भावात बसला होता.

साल एकोणीसशे एकतीस. कापसाला कुत्रं विचारत नव्हतं. दिग्रसची सरकी काढायची जिनं भर हंगामात बंद पडत होती आणि कापूस निवडणाऱ्या बाया दुपारीच घरी जाताना दिसत होत्या. जफर त्यातल्याच एका जिनातला फिटर. मालक विठ्ठलराव. दीड वर्षापूर्वी विठ्ठलरावांनी दुसरी पाळी काढून टाकली, तिच्यासोबत जफरही गेला. बायको हुस्नाबीला घेऊन तो यवतमाळात आला आणि एका गोऱ्या इंजिनियरच्या चिठ्ठीवर जादूघराच्या दाराशी लागला. झाडलोट, दिवाबत्ती, आणि सभेच्या दिवशी हातात उघडी तलवार घेऊन बंद दाराबाहेर उभं राहायचं.

त्यांचा कायदा असा की दारावरचा माणूससुद्धा भाऊच पाहिजे. म्हणून जफरलाही डोळ्यांवर पट्टी बांधून आत नेलं, गुडघ्यावर बसवलं, कुराणावर हात ठेवून शपथ दिली. सगळ्यांनी त्याला भाऊ म्हटलं, हात हातात घेतला आणि बाहेर उभं केलं.

जफरला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याला जणू एक खानदान सापडलं. बाहेरच्या खोलीत तसबिरी टांगलेल्या होत्या. म्हाताऱ्या सेक्रेटरीसाहेबांनी मासिकांतली चित्रं कापून चौकटीत बसवली होती. जफर रोज त्या पुसायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सेक्रेटरीसाहेबांना विचारून विचारून त्यानं एकेक नाव पाठ केलं होतं. हा वॉशिंग्टन, यानं इंग्रजाला अमेरिकेतून हाकललं. हा मोझार्ट, बाजावाला. हे दादाभाई, हे फिरोजशाह मेहता. हा काबूलचा अमीर हबीबुल्ला. हे मोतीलाल नेहरू. सगळे या भाईचाऱ्यातले. कोणाचा देश वेगळा, कोणाचा देव वेगळा, पण सगळ्यांनी तीच शपथ घेतलेली, जी जफरनं घेतली.

सगळ्यांत लाडका म्हणजे अल्जीरियाचा दाढीवाला अमीर अब्दुलकादिर. त्याची गोष्ट तो हुस्नाबीला इतक्यांदा सांगे की तिला ती पाठ झाली होती. दमास्कस शहरात दंगा पेटला. जमाव ख्रिस्ती लोकांना कापत सुटला. अमिरानं आपल्या वाड्याचं दार उघडून हजारो माणसं आत घेतली आणि जमावासमोर स्वतः उभा राहिला. म्हणून तर फ्रान्सच्या मेसन लोकांनी त्याला पत्र धाडलं, की तू आमचाच आहेस, ये.

"असे भाऊ हाये माहे," जफर म्हणायचा.

चौकात उकंडाच्या चहाच्या दुकानात लोक त्याची फिरकी घ्यायचे. माघात मोतीलालजी वारले, बाजार बंद झाला, तेव्हा जफर तिथं डोळे पुसत बसला होता. रमजान चालू होता, त्यामुळं समोर चहाही नव्हता.

उकंडा म्हणाला, "काहून रडतं रे जफरमिया?"

"माहा भाऊ गेला."

"मंग मयतीले काहून नाही गेला? वारसांत नाव असंन तुहं. अलाहाबादचा बंगला भेटला तं आमाले एखादी खोली देजो बाप्पा."

लोक हसले. जफरही हसला. पण रडणं खोटं नव्हतं त्याचं.

ईद झाली. जफरची एकुलती एक लेक फिजा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिचा नवरा आसिम दिग्रसला त्याच विठ्ठलरावांच्या जिनात होता. यंदा जिनाला पुरतं कुलूप लागलं, तसा तो झरीकडच्या जंगलात सागाच्या कटाईला निघून गेला होता. फिजा तशी तोंडाळ पोर. बापाला म्हणायची, "अब्बा, तुमचे एवढे मोठे मोठे भाऊ, आन् एकही कधी आपल्या घरी पाणी प्यायले आला नाही. कसले चाचे हे माहे?" जफर म्हणायचा, "येतीन. येळ आली का येतीन."

फागुनातल्या एका शनिवारी दुपारी फिजाला मुलगी झाली. जफरनं नातीच्या कानात अजान दिली, दाई रुपीबाईला सुपारी-पान दिलं, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि धुतलेला कोट घालून धावतच जादूघर गाठलं. चार वाजता सभा होती. त्या दिवशी नवा भाऊ घ्यायचा होता.

नवा भाऊ कोण? विठ्ठलराव!

कापूस घेणाऱ्या विलायती कंपन्यांचे साहेब याच लॉजमध्ये बसत. बाजारात जे साहेब आता विठ्ठलरावांच्या नमस्काराकडे बघत नव्हते, त्यांना आतून भाऊ म्हणता येईल, हा हिशेब. आणि त्यांना शपथेसाठी तयार करायचं काम कोणाकडं? जफरकडं.

"जफर, तू?" विठ्ठलराव दचकले. "तू अठी कसा?"

"दारावरचा भाऊ हाये मालक. कोट काढा. डावी छाती उघडी करा."

"अन् हे काय, धोतर कायले वर करून राह्यला?"

"डावा गुडघा उघडा पाहिजे. जोडाबी एक काढा. अंगठी काढा."

"अंगठी राहू दे बाप्पा, निघत नाही ते."

"साबण लावतो. धातूचा तुकडा अंगावर चालत नाही. आत गरीब होऊन जा लागते."

विठ्ठलराव हसले. "गरीब? मंग यंदा सारं वऱ्हाडच भरती करून घ्या म्हना तुमच्या साहेबांले."

जफरनं त्यांच्या गळ्यात दोरीचा फास अडकवला, तसं हसू मावळलं. "हे कायले रे?"

"सगळ्यांलेच बांधतात. मोतीलालजीलेही बांधलीच असंन."

डोळ्यांवर पट्टी बांधताना जफरनं पाहिलं, मालकाच्या मानेवर घाम फुटला होता. ज्या माणसानं एका सकाळी दोनशे लोकांच्या पोटावर कुलूप मारलं, तो एका पायात जोडा घालून आंधळ्यासारखा त्याचा खांदा चाचपत होता. जफरच्या जागी दुसरा असता तर मनातल्या मनात तरी खुश झाला असता. जफर म्हणाला, "घाबरू नका मालक. आत सगळे भाऊ हाये." आणि हाताला धरून दारापर्यंत नेलं. आतल्या दाराशी रामराव वकील असायचे. त्यांनी विठ्ठलरावांना आत ओढलं. दार बंद झालं. जफर तलवार घेऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं फाटकातून हुस्नाबी धावत आली. डोक्यावरची ओढणी खांद्यावर, पायात चपला नाहीत.

"तू अठी? बायांले अठी यायची—"

"फिजाचं रगत थांबून नाही राह्यलं." तिला श्वास लागला होता. "वार अर्धीच पडली. रुपीबाईनं सारे उपाय केले. ते म्हनते, आता डाक्टरच पाहिजे. पोरगी पांढरी पडली फिजाचे अब्बा."

कर्नलसाहेब, फौजेतून पेन्शन घेतलेले गोरे डॉक्टर, आतच बसलेले होते. दारापासून तिसरी खुर्ची. त्यांची मोटार बाहेर उभी होती. घर अर्ध्या मैलावर.

"आत हाये ना कर्नलसाहेब?"

"हाये."

"मंग वाजवा दार."

जफरनं दाराला कान लावला. आत एक आवाज तुकड्या तुकड्यानं काही म्हणत होता आणि विठ्ठलरावांचा आवाज मागून तेच म्हणत होता.

"शपथ चालू हाये," तो म्हणाला.

"मंग?"

"शपथेत दार वाजवता येत नाही हुस्ना. कोनालेच नाही. बादशाह आला तरी नाही."

"बादशाह नाही आला. मी आली."

"पाच-दहा मिनिटं. खुर्च्या सरकल्या का वाजवतो. खुदाची कसम."

"तिच्याजोळ दहा मिनिटं हाये का? तुमी पाहून आले का?"

हुस्नाबी दोन पावलं पुढं आली. बाहेरच्या खोलीच्या उघड्या दारातून तसबिरी दिसत होत्या. तिनं तिकडं बोट केलं.

"तुमचा तो दाढीवाला अमीर. रोज सांगता ना मले? लोक जीव वाचवाले आले तवा त्यानं दार लावलं का उघडलं?"

"हुस्ना—"

"सांगा ना. लावलं का उघडलं?"

"उघडलं."

"मंग?"

"अवं, तो अमीर होता!"

हे वाक्य जफरच्या तोंडून गेलं आणि तो स्वतःच ऐकत राहिला. दीड वर्ष तसबिरी पुसून जे कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यात होतं. दार उघडणारा अमीर होता. दार ज्याचं असतं, तोच ते उघडतो. आपल्या हातात फक्त तलवार दिलेली आहे, तीही दुसऱ्याच्या दारासाठी.

कळलं, पण कळून काय उपयोग? हुस्नाबी दाराकडे धावली आणि जफरनं तलवार आडवी धरली.

तिनं त्या पात्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"मारता का मले?"

तलवार आडवीच राहिली. मी त्याची बाजू घेणार नाही. शिव्याही देणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा ज्याला कोणी भाऊ म्हटलं, त्याला तो शब्द खरा करून दाखवायचा होता. साहेबांना वाटायला नको की फिटरला शपथेची काय किंमत. साहेबांच्या हे मनातही नव्हतं. त्यांच्या मनात जफरच नव्हता.

आत खुर्च्या सरकल्या. जफरनं लगेच दार ठोकलं, पण ठोकलं तेही नियमानं, मोजून. फट उघडली. रामराव वकिलांचा अर्धा चेहरा.

"काय आहे?"

"वकीलसाहेब, माही पोरगी बाळंतीण हाये, मरून राह्यली. कर्नलसाहेबांले जरा—"

"हळू बोल. साहेब नव्या भावाला उपदेश करताहेत. झालं की सांगतो."

"साहेब, येळ नाही हो—"

"अरे, सांगतो म्हटलं ना!"

फट मिटली. दार लोटून उघडावं, असं त्याच्या हातांना वाटलं असेल. हातांनी ते केलं नाही. आतला उपदेश काय चालला होता, ते जफरला माहीत होतं. त्यालाही तो झाला होता. नव्या भावाला उभं करून विचारतात, अडल्या-नडल्या भावासाठी काही दे. त्याच्या अंगावर तर दमडी ठेवलेली नसते. मग सांगतात, ही वेळ आठव. दारात आलेल्या दुःखी भावाला कधी रिकाम्या हातानं पाठवू नकोस. आत विठ्ठलराव हे ऐकत होते. बाहेर जफर उभा होता.

हुस्नाबीनं ओढणी डोक्यावर घेतली.

"मी चालली. तुमी राहा उभे."

ती गेली. तो उभा राहिला. रामरावांनी उपदेश करणाऱ्या साहेबांची नजर आपल्याकडं वळायची वाट पाहिली. नजर वळेना, भाषण लांबत गेलं, मग नव्या भावासाठी टाळ्या झाल्या, आणि वकीलसाहेब विसरले. वाईट माणूस नव्हता तो. नुसता विसरला.

अर्ध्या तासानं दार उघडलं. माणसं हसत बाहेर आली. जफर कर्नलसाहेबांच्या पायाशी वाकला तसा तो म्हातारा एप्रनसकट मोटारीकडं पळाला. जफरला शेजारी बसवून मोटार अशी हाणली की वाटेतल्या बकऱ्या उधळल्या.

घरात रुपीबाई कोपऱ्यात बसून कपाळ बडवत होती. फिजाच्या अंगावर चादर होती, तोंडापर्यंत. कर्नलसाहेबांनी ती बाजूला केली, मनगट धरलं, डोळा उघडून पाहिला आणि चादर परत ओढली. हुस्नाबी बाळाला घेऊन भिंतीला टेकून होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कब हुआ?"

"आत्ताच," रुपीबाई म्हणाली. "पान खाल्लं असतं तेवढा वेळ झाला साहेब."

अंगणात येऊन कर्नलसाहेब जफरवर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम बोला क्यों नहीं? दरवाजा तोड देना था! कौन क्या बोलता?"

जफर म्हणाला, "साहेब, कितना पहले आते तो?"

"आधा घंटा."

दुसरा डॉक्टर खोटं बोलला असता. या माणसानं खरं सांगितलं. भला माणूस होता. नियम मोडला तर ज्याचं काही बिघडत नाही, त्याला वाटतं, कोणालाही तो मोडता येतो. तोडायचं होतं की दार! जफरनं दार तोडलं असतं आणि घरी फिजाला नुसता ताप निघाला असता, तर दुसऱ्या दिवशी तो कुठं असता, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

फिजाला दुसऱ्या दिवशी सकाळी दफन केलं. मोहल्ल्यातले लोक आले. दुकान बंद करून उकंडा आला आणि माती देताना ढसाढसा रडला. चौथ्या दिवशी झरीहून आसिम आला. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. कबरीवर गेला, परत आला, बाळाचं नाव नाहिद ठेवा म्हणाला. फिजानं आधीच सांगून ठेवलं होतं त्याला. आणि पुन्हा जंगलात गेला.

त्याच आठवड्यात विठ्ठलराव भेटायला आले. बैलगाडीनं, एकटे, नोकर न घेता. अंगणात बाजेवर बसले. पाणी प्याले. फिजा असती तर म्हणाली असती, आले बुवा एक चाचा.

"जफरभाऊ," ते म्हणाले. मालक पहिल्यांदा त्याला भाऊ म्हणत होता. "मले काहीच माहीत नव्हतं गा. डोयावर पट्टी होती माह्या."

जफर मान खाली घालून बसला होता. बोलली हुस्नाबी, दाराआडून.

"मालक, तुमची शपथ पुरी झाली ना?"

"हो, बाई."

"नीट झाली ना? मधात कोनी खोळंबा तर नाही केला?"

विठ्ठलराव उठले. त्यांनी जफरचा हात हातात घेतला आणि आत शिकवलेल्या खुणेनं अंगठा दाबला. जफरनं तसाच दाबून उत्तर द्यायला हवं होतं. त्याचा हात तसाच राहिला, मेलेल्या पाखरासारखा. विठ्ठलरावांनी तो हळूच सोडला.

हुस्नाबी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची. बाळाला बकरीचं दूध पाजायची. बोलायची नाही. एकदाच बोलली, महिन्यानं, सभेच्या दिवशी. जफर कोट हातात घेऊन उंबऱ्यात घुटमळत होता.

"जा ना," ती म्हणाली. "आता कोन अडवून राह्यलं तुमाले?"

तो गेला. शिव्या द्यायच्या तर आता द्या त्याला. पण कापसाच्या त्या साली गेलेली नोकरी परत मिळत नव्हती, आणि घरात एक दूध पिणारं लेकरू होतं. त्यानं तसबिरी पुसल्या नाहीत. दार लागलं, तो तलवार घेऊन उभा राहिला.

तेवढ्यात फाटकातून हुस्नाबी आली. खांद्याशी नाहिद. ती दाराकडं आली नाही. आवारातल्या कडुनिंबाखाली बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि दाराकडं पाहत राहिली. बोलणं नाही, रडणं नाही.

नाहिद मात्र रडली. मोठ्यानं, भुकेनं. आवाज आत गेला. फट उघडली.

"जफर, ती बाई कोण आहे? हटव तिला. आत काम चाललंय." रामराव वकील. मग त्यांनी नीट पाहिलं, ओळखलं, आणि चेहरा उतरला.

"तुमी हटवा वकीलसाहेब," जफर म्हणाला.

रामराव उभे राहिले. मग त्यांनी फट लावून घेतली. आतून कोणी आलं नाही. काम चालू राहिलं.

जफरनं तलवार दाराला टेकवून ठेवली. अंगातला कोट काढला. पहाऱ्याच्या वेळी जागा सोडणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुन्हा होता, आणि तो महिना उशिरा तो गुन्हा करायला निघाला होता. मोकळ्या हातांनी तो कडुनिंबापर्यंत चालत गेला आणि हुस्नाबीशेजारी, मातीत बसला.

हुस्नाबी उठली. नाहिदला खांद्यावर घेतलं, ओढणी सावरली, आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसली.